हातातलं ते खाली ठेव

हां, टाळ थांबवा जरा. मृदंगाचार्य, तुम्हीही हात पुसून घ्या. मंडळी, ऐका! आज तुम्हाला आधी एक प्रश्न विचारणार आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, मला त्याचं उत्तर येत नाही. आलं असतं तर विचारलाच नसता! बुवा लोक प्रश्न विचारतात ते उत्तर खिशात ठेवून. आज खिसा रिकामा आहे.

प्रश्न असा. एक गाणं आहे. त्यात राम नाही, हरी नाही, नाव घ्यावं असं काही नाही. नुसता राग! गाणारी ओरडतेय, मागं कुणीतरी ढोल बडवतंय. सांगा, अशा गाण्याला भजन म्हणायचं का?

"नाही!" कोण म्हणालं? तुम्ही का पाटील? लगेच? अहो, गाणं तरी ऐका आधी! मोटारीचं इंजिन सुरू व्हायच्या आत तुम्ही तालुक्याला पोचता.

बरं, "हो" म्हणणारं आहे का कुणी? नाही. म्हणजे या मांडवात गोंधळलेला मी एकटाच. चला, मग माझीच गोष्ट सांगतो.

गोदाकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, त्या गावचे पाहुणे इथं बसलेत, उगाच माना वळवू नका! द्राक्षाचं गाव. पैसा बरा, पाणी बरं, आणि सप्ताह तर असा, की आमटीचा वास नदीच्या पल्याड जावा. तिथं एक वीणेकरी. भानुदास खैरमोडे. सगळे त्यांना तात्या म्हणतात, त्यांची लेकसुद्धा.

आता वीणेकरी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको, पण मागं कॉलेजची पोरं उभी आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह बसला की वीणा उभी राहते. गळ्यात वीणा, मुखात नाम! रात्र असो, ऊन असो, वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि याच्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात जाते. नामात खंड नाही! आणि तात्या म्हणजे त्या गावातला पहिल्या मानाचा वीणेकरी. पहाऱ्याला उभा राहिला की पाय हलणार नाही, डोळा हलणार नाही. लोक म्हणायचे, गाभाऱ्यात एक मूर्ती आणि मांडवात दुसरी!

तर गेल्या साली त्या सप्ताहात माझं कीर्तन होतं. दुपारी फराळ तात्यांच्या घरी. शाबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे जरा जळालेले. बाईमाणूस नाही घरात. बायको वर्षापूर्वी वारली, एवढं मला ठाऊक होतं. कशी, काय, ते ठाऊक नव्हतं. आणि विचारलंही नाही, खिचडीच्या वेळी असलं विचारू नये.

फराळ झाला. तात्यानं दार लोटलं, सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, माझ्यापुढं धरला.

"महाराज, येक काम हाये. याचा अर्थ सांगा."

"कसला अर्थ?"

"आमच्या कावेरीचं गाणं हाये. ती नाशकात आसती. गाती. रॉक का काय म्हणत्यात त्याला."

रॉक! मंडळी, मी एका माणसाला विचारून घेतलं होतं, रॉक म्हणजे इंग्रजीत खडक. म्हटलं, असू दे, आपला देवही काळ्या खडकाचाच आहे, जमेल! त्यांच्या गाणाऱ्या कंपूचं नाव काय? 'ठसका'! आपल्याकडे ठसका लागला की पाणी देतात, तिथं टाळ्या देतात!

लावलं गाणं. अरे बाप रे! पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ढोल. त्यात गिटार. आपली वीणा कशी, एका सुरात नांदते. ही गिटार म्हणजे भावकी! सगळ्या तारा एकाच वेळी बोलतात. आणि मग मधून पोरीचा आवाज आला. मंडळी, हसू नका आता. तो आवाज ऐकून माझ्या हातातला पाण्याचा तांब्या हातातच राहिला. चिरका नव्हता हो. बापाचाच आवाज! तोच खर्ज, तीच पट्टी. फक्त तात्याचा आवाज शांत, आणि हिचा सगळा पेटलेला.

शब्द ऐका. पाठ झालेत मला —

खाली ठेव, खाली ठेव,
हातातलं ते खाली ठेव!
विझत चाललंय घर माझं,
उभाच का तू? खाली ठेव!

तुझ्या गाण्याला खंड नाही,
माझ्या हाकेला कान नाही,
उभाच राहा, उभाच राहा,
मी पुन्हा येणार नाही!

बस. एवढंच. मग पुन्हा गारा.

तात्या माझ्या तोंडाकडे बघत बसलेला. "काय म्हणती महाराज ती? मला काय बी कळंना. आवंदा सप्त्याला आली नाही. दिवाळीला आली नाही. फोन केला तर उचलत नाही. हे गाणंबी तिनं धाडलं नाही, शेजारच्या पोरानं दिलं. येवढं येकच हाये तिचं माझ्याकडं. यातून कळलं तर कळलं, नाय तर लेक गेली."

आता सांगा! माणूस एवढ्या आशेनं विचारतोय. आणि विचारतोय कुणाला? ज्याचं पोट अर्थ सांगण्यावर चालतं त्याला! सुताराला लाकूड दाखवावं, आणि त्यानं रंधा काढू नये? मी डोळे मिटले. आधी आमच्या सवयीप्रमाणं शेवटची ओळ बघितली, गाणाऱ्यानं स्वतःचं नाव कुठं घातलंय का. नाही! आजकालच्या पोरांना नाव लावायची लाज वाटते. मग बघितलं, बोलतेय कुणाशी? "तू"! अरे, तू! मंडळी, आपल्याकडे 'तू' कुणाला म्हणतात? आईला, आणि देवाला. आई तर वारलेली. राहिला कोण?

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! म्हटलं, "तात्या! अरे, ही पोर देवाशी भांडतेय!"

"देवाशी?"

"मग? उभा कोण आहे? देव! युगं गेली तरी उभाच! हातात काय आहे त्याच्या? एका हातात शंख, एका हातात कमळ, आणि दोन्ही हात कमरेवर. पोर म्हणते, अरे, ठेव की तो शंख खाली! ठेव ते कमळ! इकडे माझं घर विझतंय आणि तू फूल धरून उभा? हात मोकळे कर आणि मला उचल! आणि शेवटी काय म्हणते, मी पुन्हा येणार नाही. तात्या, रुसवा आहे हा! रुसतं कोण? ज्याचं नातं आहे तो! तुमची लेक गेली नाही हो, तुमची लेक पोचली!"

काय सुंदर अर्थ! आहे की नाही? आणि मंडळी, आजही सांगतो, तो अर्थ चुकीचा नव्हता! त्यात एक अक्षर ओढूनताणून नाही. तुम्ही माना डोलावताय, तशीच मान मी तेव्हा मनातल्या मनात माझ्याच पुढं डोलावत होतो.

तात्याचे डोळे भरले. मला वाटलं, आनंदानं. दोन वेळा विचारलं त्यानं. "देवालाच ना, महाराज? नक्की देवालाच?"

"नक्की!"

"मंग बरं," म्हणाला. फोन खिशात ठेवला आणि पहाऱ्याला निघून गेला.

मंग बरं! मंडळी, या दोन शब्दांवर मी थांबायला हवं होतं. पण कीर्तनाची वेळ झाली होती, आणि डोक्यात ताजं निरूपण उकळत होतं. उकळतं दूध कुणी झाकून ठेवतं का?

संध्याकाळी मांडव फुल्ल. तात्या माझ्या मागं वीणा घेऊन उभे. आणि मी तेच गाणं घेतलं! नाव सांगितलं नाही, पण गावात काय लपतं? "एका लेकीनं देवाला काय म्हटलं, ऐका," म्हणालो, आणि जो रंगलो! बाया पदर डोळ्याला लावतायत, पोरं फोन वर करून चित्रण करतायत, सप्ताह कमिटीचे अध्यक्ष बोराडे पाटील, ज्यांनी आयुष्यात कुणाला चहा पाजला नाही, ते उठून पाया पडले! तिथंच ठरलं, काल्याचे महाराज घसा बसल्यामुळं येणार नव्हते, तेव्हा उद्याचा कालाही तुम्हीच करा. म्हटलं, देवाची इच्छा! चांगलं झालं की देवाची इच्छा, आणि बिघडलं की माईकवाला! खरं की नाही?

आता दुसरा दिवस. काल्याचं कीर्तन. दहीहंडी बांधलेली, बुंदीची पातेली झाकलेली, गावजेवणाच्या पंगती आखलेल्या. तात्या मागं वीणा घेऊन उभे. मी गजर संपवून पहिलं वाक्य बोललो असेन नसेन, तोच मांडवाच्या तोंडाशी गडबड. एक मुलगी आत आली. केस कापलेले, अंगात काळा टीशर्ट, पायातल्या चपला बाहेर काढून आत आली, हे मी नीट बघितलं. सरळ मधल्या वाटेनं चालत आली. बाया कुजबुजल्या, "कावेरी, कावेरी!"

मागं वीणेचा नाद आला, आणि थोडा चुकला. तात्याचा नाद चुकलेला त्या गावानं कधी ऐकला नव्हता.

ती माझ्यापुढं उभी राहिली. आधी देवाला हात जोडले, मग मला. आणि म्हणाली, "महाराज, कालचं तुमचं कीर्तन मी फोनवर बघितलं. माझ्या गाण्याचा अर्थ तुम्ही सांगितला."

"कसा वाटला?" हो, विचारलं मी! कौतुकाची सवय वाईट असते.

"छान वाटला. मला रडू आलं. पण तो माझा नाही."

मागून एकजण ओरडला, "ओ ताई, बसून घ्या, काला व्हायचाय!" मी म्हटलं, थांबा हो. बुंदी कुठं पळून जात नाही. "मग गाणं कुणाला म्हटलंयस बाळ?"

तिनं माझ्या खांद्यावरून मागं बघितलं.

मंडळी, तेव्हा ती जे बोलली, ते त्या गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या मला ठाऊक नव्हतं! आधीच्या सालच्या सप्ताहात दुपारी तिच्या आईच्या छातीत कळ आली. घरी ही एकटी. ती शेजारच्या द्रौपदाकाकूंना घेऊन पळत मांडवात आली. दुपारची वेळ, जेवून सगळा गाव आडवा झालेला. मांडवात तात्या एकटे, वीणा गळ्यात. पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला नव्हता.

"मी म्हटलं, तात्या, चला, आई कशीतरी करतेय. तात्यांनी मान हलवली. वीणा खाली ठेवायची नाही, मला कळत होतं. पण काकूंनी हात पुढं केले होते, महाराज! काकू म्हणाल्या, द्या ती माझ्याकडं, मी उभी राहते. तात्यांनी त्यांच्याकडं बघितलं, आणि दिली नाही."

का दिली नाही? त्या गावात बाईच्या गळ्यात वीणा देत नाहीत. नियम! कुणी केला? विचारू नका. नियम करणारा कधीच सापडत नाही, पाळणाराच सापडतो.

कावेरीनं आईला कुणाच्या तरी जीपमध्ये घातलं. वाटेत गेली. तात्या आले असते तर वाचली असती का? डॉक्टर म्हणाले, नसती. पोरही तसंच म्हणाली. "वाचवायला नको होते हो ते. तिचे पाय गार पडत चालले होते. मी डोकं धरू की पाय धरू? धरायला एक माणूस पाहिजे होता. ती दोनदा म्हणाली, हे आले का."

जन्मभर बोलून पोट भरलेला माणूस मी! काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "म्हणजे ते गाणं देवाला नाहीच?"

आणि मंडळी, इथं माझा खरा गोंधळ झाला. मला वाटलं, पोर ठासून "नाही" म्हणेल. ती खाली बघत म्हणाली, "तेच मला कळत नाही. लिहिलं तेव्हा तात्याच होते समोर. यांना तोंडावर कधी 'तू' म्हणता आलं नसतं, म्हणून गाण्यात म्हटलं. पण गाताना काय होतं… मधेच वाटतं, यांच्या मागं तोही उभा आहे. आणि तोही ऐकत नाही. मग मी दोघांवर ओरडते. काल तुम्ही म्हणालात ना, रुसवा आहे, नातं आहे. ते ऐकून मी रात्रभर बसून राहिले. असेलही, महाराज! पण तुम्ही ते सगळं उचलून देवाच्या अंगावर टाकलंत. देव काय, सोसेल. पण यांना आता वाटणार, आपल्याला कुठं म्हटलंय? मी वर्षभर ओरडतेय ते यांनी ऐकावं म्हणून. आणि तुम्ही यांना सुटायला वाट करून दिलीत!"

हे मला! भर मांडवात! राग आला का? आला की! मी काय दगड आहे? मनात म्हटलं, गाणं एकदा बाहेर पडलं की ऐकणाऱ्याचं होतं, तू कोण सांगणार? आणि लगेच दुसरं मन म्हणालं, अरे, जिची आई गेली तीच सांगणार, तू कोण? दोन्ही खरं वाटत होतं! अजूनही वाटतं!

तेवढ्यात माझ्या मागचं नाम थांबलं.

वीणेकरी उभा असताना नाम थांबलं, मंडळी! मी वळलो. तात्या रडत नव्हता. माझ्याकडे बघून हळू म्हणाला, पण माईक माझ्या गळ्यात होता, सगळ्यांनी ऐकलं —

"महाराज, मला कळलं व्हतं. पैल्याच दिवशी, गाणं ऐकलं तवाच कळलं व्हतं. मी तुमच्याकडं आलो ते तुमी दुसरं काय तरी सांगाल म्हणून."

आणि तो चालायला लागला. वीणा गळ्यात घेऊन! बोराडे पाटील उठले, म्हणाले, "तात्या, द्या, मी धरतो." दोन-चार टाळकरी पुढं झाले. घ्यायला आज हातच हात! तात्यानं कुणाकडं बघितलं नाही. बायांच्या बाजूला गेला. द्रौपदाकाकू पुढच्याच रांगेत, मांडीवर नातू. तात्या तिच्यापुढं वाकला, पायावर डोकं ठेवलं. काकू घाबरली. "तात्या, आवो काय करताय! माझ्या पाया?" तात्या म्हणाला, "काकू, उठा. पहारा घ्या."

आणि वीणा तिच्या गळ्यात घातली!

अर्धा मांडव उभा राहिला. "हे चालायचं नाही!" कुणीतरी ओरडलं. कुणी म्हणालं, "बाटवली!" आणि सगळ्या माना वळल्या माझ्याकडे. महाराज, सांगा! चालतं का नाही चालत? शास्त्र काय म्हणतं?

मला काय ठाऊक! मला त्या घटकेला हेही कळत नव्हतं की मी कीर्तन करतोय की कीर्तन माझं करतंय! मग जे येतं तेच केलं. हात वर केले आणि गजर सुरू केला. मृदंगाची थाप पडली, सवयीनं टाळ पडले. आणि त्या गजरात काकूनं तारेला बोट लावलं. बेसूर! अगदी बेसूर! द्राक्षांच्या छाटण्या करून ताठलेली बोटं ती. पण खंड पडला नाही.

तात्या लेकीपुढं उभा राहिला. हात तसेच, वीणा धरल्यासारखे वाकलेले, सरळ करायचेही विसरला होता. मला वाटलं, आता पोर गळ्यात पडेल, आता माफ करेल, आणि मला शेवटाला एक झकास वाक्य मिळेल. कसलं काय! ती त्याच्याकडं बघत राहिली, बघत राहिली, आणि म्हणाली, "किती वाळलात. जेवता की नाही?"

"खिचडी जमती," तात्या म्हणाला. "शेंगदाणे जळत्यात."

आणि दोघं मांडवाबाहेर गेले. तात्यानं काला घेतला नाही, प्रसाद घेतला नाही. काय बोलले, भांडले का रडले, कुणालाच ठाऊक नाही. मीही विचारलं नाही. अर्थ सांगण्याचा माझा हक्क त्या दिवशी संपला होता.

आता तुम्ही म्हणाल, महाराज, मग ते गाणं भजन होतं का नव्हतं? पोर देवावर रागावली होती का बापावर? तात्यानं त्या दुपारी सेवा केली का पाप केलं? मला माहीत नाही हो! मी वर्षभर डोकं खाजवतोय. एक रात्र वाटतं असं, एक रात्र वाटतं तसं.

पण एक सांगतो. तुमच्या घरातही पोरं कानात बोंडं घालून बसतात, खोलीचं दार लावून ओरडणारी गाणी ऐकतात. तुम्ही माझ्याकडं येता, "महाराज, हे काय खूळ हो, अर्थ सांगा." पाटील, तुम्हीच परवा विचारलंत! नका विचारू. माझ्याकडं अर्थाला तोटा नाही, लागेल तेवढे काढून देईन. पण तुम्हाला अर्थ कळलेला असतो, मंडळी! तात्याला कळला होता. आपण बुवाकडे जातो ते अर्थ कळावा म्हणून नाही, दुसरा एखादा मिळावा म्हणून. आज माझ्याकडून तो मिळणार नाही.

चला, टाळ घ्या हातात. आता गजर करू आणि… कुणाचा हो तो फोन? मागं, खांबापाशी. तुमचाच ना? खिशात दाबून धरलाय! घरचा आहे? अहो, मग बघता काय माझ्याकडे? उठा, घ्या! आम्ही थांबतो. आणि देवाची काळजी करू नका. एका लेकाचं आईबापाचे पाय चेपून होईपर्यंत तो विटेवर उभा राहिलाय. थांबायची त्याला सवय आहे.